तारणहाराचा तोतया

गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीच्या लाकूड आगारात सकाळच्या प्रहरी गेले म्हणजे प्रथम दृष्टीस पडतात त्या सागाच्या ओंडक्यांच्या लांबच लांब रांगा, आणि आणखी जवळ जाऊन पाहिले म्हणजे प्रत्येक ओंडक्याच्या कापल्या तोंडावर, वर्षवलयांच्या मधोमध, हातोडीने ठोकून उठविलेला वनखात्याचा शिक्का. हा शिक्का नसेल तर ओंडका नाक्यापलीकडे जात नाही. परवाना मिळत नाही, लिलावात बोली लागत नाही, आणि ज्या झाडाने शंभर पावसाळे पाहिले त्याची किंमत शून्य होते. बायबलाच्या अखेरच्या ग्रंथात, प्रकटीकरणात, समुद्रातून वर येणाऱ्या एका श्वापदाचे वर्णन आहे, आणि त्याच्या राज्यात ज्याच्या उजव्या हातावर वा कपाळावर त्या श्वापदाची मुद्रा नाही त्याला काही विकता येणार नाही व काही विकत घेता येणार नाही असे सांगितले आहे. ते प्रकरण मी अनेकदा वाचले होते. परंतु हातोडीचा एक ठोका पडतो आणि ओंडका सरकारजमा होतो हे डोळ्यांनी पाहीपर्यंत त्या वर्णनातील धाक मला खऱ्या अर्थाने उमगला नव्हता.

या श्वापदालाच पुढे लोकांनी ‘ॲन्टिख्राइस्ट’ म्हणजे ख्रिस्तविरोधक मानले. वस्तुतः हा शब्द प्रकटीकरणात एकदाही येत नाही. तो येतो योहानाच्या नावे असलेल्या पहिल्या व दुसऱ्या पत्रांत, आणि तेथेही तो कोणा एका भयंकर पुरुषाचे नाव म्हणून येत नाही. असे विरोधक पुष्कळ आहेत व ते आपल्यातूनच निघाले आहेत, असा त्या पत्रांचा रोख आहे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील ‘अधर्माचा पुरुष’, दानिएलाच्या दृष्टांतातील बढाया मारणारे लहान शिंग आणि प्रकटीकरणातील श्वापद, ही तिन्ही सूत्रे पुढील शतकांतील भाष्यकारांनी एकत्र वळली, तेव्हा कोठे ती व्यक्तिरेखा सिद्ध झाली. श्वापदाचा जो आकडा सांगितला आहे तो ६६६. हिब्रू लिपीत अक्षरांना अंकमूल्य असते आणि त्या हिशेबाने ‘नेरोन कैसर’ या नामाची बेरीज तेवढीच येते, म्हणून तो रोख ख्रिस्ती जनांचा छळ करणाऱ्या रोमन बादशहा नीरोकडे असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काही जुन्या हस्तलिखितांत हाच आकडा ६१६ आहे, आणि नामाचे लॅटिन रूप घेतले की तीही बेरीज जुळते.

आपल्याकडे या पात्राचा परिचय बहुधा इंग्रजी चित्रपटांच्या द्वारे झाला आणि त्यामुळे एक गैरसमज दृढ झाला आहे. शिंगे, अग्नी, काळे श्वान, अमंगळ मंत्रोच्चार, हे सारे पाहून आपण त्यास आपल्या राक्षसांच्या पंक्तीत बसवितो. पण ख्रिस्तविरोधक हा राक्षस नव्हे. त्याच्यासाठी मराठीत फार नेमका शब्द आहे, आणि तो आपल्या दप्तरांतून व बखरींतून आला आहे: तोतया.

इ. स. ९५० च्या सुमारास मोन्तिए-आं-देर येथील मठातील अद्सो नावाच्या संन्याशाने फ्रान्सच्या गेरबेर्गा राणीच्या विनंतीवरून या पुरुषाचे एक छोटेखानी चरित्रच पत्ररूपाने लिहून दिले. संतचरित्रे जशी जन्मापासून चमत्कारांपर्यंत क्रमाने सांगत, त्याच घाटाने पण उलट दिशेने अद्सोने हे चरित्र रचले: ख्रिस्ताचा जन्म पवित्र आत्म्यापासून, तर याच्या मातेच्या गर्भात सैतानाचा प्रवेश; ख्रिस्त विनयशील, तर हा उद्धत; आणि चमत्कार मात्र हाही करणार. मूळ नाण्याचा ठसा घेऊन हिणकस धातूचे नाणे पाडावे, तसे हे चरित्र आहे.

ही गोष्ट शब्दांपेक्षा रंगांत अधिक स्पष्ट उतरली आहे. इटलीतील ओर्व्हिएतो येथील प्रधान चर्चमध्ये लुका सिन्योरेल्ली या चित्रकाराने इ. स. १५०० च्या आसपास एका भिंतीवर ख्रिस्तविरोधकाच्या प्रवचनाचे चित्र काढले. चौथऱ्यावर उभा असलेला पुरुष प्रथमदर्शनी येशूच वाटतो. तेच केस, तीच दाढी, तशीच सौम्य मुद्रा. सभोवती श्रीमंतांचा, सैनिकांचा, विद्वानांचा जमाव, पायांशी सोन्याची पात्रे. मग दृष्टी त्याच्या खांद्यापाशी जाते. तेथे मागून एक सैतान त्याच्या कानाशी ओठ नेऊन कुजबुजतो आहे, आणि सैतानाचा हात त्याच्या वस्त्राखालून असा काही पुढे आला आहे की तो हात वक्त्याचा की सैतानाचा हे क्षणभर सांगता येऊ नये. मी हे चित्र केवळ छायाचित्रांत पाहिले आहे. पण तो एक हात पाहिल्यानंतर शिंगांचे भय वाटेनासे झाले.

आपल्या इतिहासात याची प्रत्यक्ष उपमा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांचे शव निःसंशय ओळखले गेले की नाही याविषयी लोकांच्या मनात किंतु राहिला, आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी तर वैधव्य पत्करलेच नाही. अशा मनांतून तोतया जन्मास येतो. आपणच भाऊसाहेब असे म्हणणारा एक इसम पुढे आला. त्याला कैदेत ठेवण्यात आले. आणि १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून तो सुटला तेव्हा कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो लोक त्याच्या निशाणाखाली आले. अखेर राघोजी आंग्र्यांनी त्यास धरले, पुण्यास आणून त्याची चौकशी झाली व त्याच वर्षी त्यास देहान्त शासन मिळाले. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. त्या हजारो लोकांना मूर्ख म्हणून सोडून देणे मला अन्यायाचे वाटते. ज्याच्या घरचा माणूस पानिपतावरून परतला नाही, त्याला ‘तो परत आला आहे’ ही वार्ता नाकारण्याचे बळ कोठून येणार? तोतयाचे सारे भांडवल म्हणजे लोकांची खरी, निखळ आशा.

पुराणांतही हा पुरुष आहे, आणि तो रावण-कंसांच्या मानाने अल्प परिचित आहे. भागवताच्या दशम स्कंधातील पौंड्रक हा करूष देशाचा राजा द्वारकेस दूत पाठवून कृष्णाला कळवितो की खरा वासुदेव मीच. तू माझी चिन्हे टाकून दे आणि मला शरण ये. युद्धास तो येतो तो शंख, चक्र, गदा, पीतांबर, कौस्तुभ आणि कृत्रिम गरुड एवढा सारा सरंजाम घेऊन. रंगभूमीवरील नटासारखे त्याचे ते सोंग पाहून श्रीकृष्णास हसू आवरत नाही. सुदर्शनाने त्याचा शिरच्छेद होतो. परंतु येथेच भागवतकार असे काही सांगतात की त्याला युरोपातील कथांत जोड सापडत नाही: अहोरात्र हरीचे रूप धारण करून, हरीचेच चिंतन करून पौंड्रक तन्मय झाला होता, म्हणून त्याची बंधने तुटली. द्वेषाने का होईना, सोंग म्हणून का होईना, त्याने देवाचा ध्यास घेतला होता. जय-विजय हे वैकुंठाचे द्वारपाल शापामुळे रावण-कुंभकर्ण होतात व पुनः आपल्या दारी परततात, ही कथाही त्याच जातीची. आपल्या परंपरेतील देवशत्रूला परतीची वाट आहे. ख्रिस्तविरोधकाला ती नाही, त्याच्यासाठी अग्नीचे सरोवर ठरलेले आहे. दोन्ही कल्पनासृष्टींतील हा भेद मला सर्वांत मूलगामी वाटतो.

आणि रावण? आलापल्लीहून भामरागडच्या वाटेला लागले की थोड्याच अंतरावर ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने राखलेला प्राचीन वनाचा तुकडा लागतो. महाराष्ट्रातील हा पहिला जैवविविधता वारसा, २०१४ साली घोषित झालेला. तेथील उंच सागांच्या छायेत उभे राहिले म्हणजे हा प्रदेश दंडकारण्याचा भाग मानला जातो याचे स्मरण होते. याच दंडकारण्यातील पर्णकुटीच्या दारी रावण आला तो दहा तोंडे घेऊन आला नव्हता. वाल्मीकींनी त्याचा वेष बारकाईने सांगितला आहे: अंगावर मऊ भगवे वस्त्र, मस्तकी शिखा, छत्री, पादत्राणे, खांद्यावर दंड व कमंडलू, आणि मुखी वेदघोष. सीतेने लक्ष्मणाला कठोर शब्द बोलून दूर धाडले हे आपण सांगतो. पण दारी आलेल्या अतिथीचा तिने सत्कार केला तो धर्म म्हणूनच केला, हे सांगावयास विसरतो. तोतया नेमका आपल्या सद्गुणाच्या दारातून आत येतो.

इथवर कथा सरळ आहे. पण आलापल्लीत बसून लिहिणाऱ्याला ती सरळ ठेवता येत नाही. कारण याच गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात परसवाडी नावाचे गाव आहे, जेथील गोंड बांधव दसऱ्याला रावणाची हत्तीवर आरूढ झालेली प्रतिमा मिरवणुकीने नेतात. रावण त्यांच्या मते त्यांचा पूर्वज आणि राजा. बाजारगावांत त्याच सायंकाळी कामट्यांचा रावण पेटविला जातो, आणि रावणदहन थांबवावे म्हणून आदिवासी संघटनांची निवेदने दरवर्षी तहसील कचेरीत रुजू होतात. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून जो साग वाजतगाजत रवाना झाला, त्यातही या वनप्रदेशाचा साग होता. एकाच अरण्याने रामाला दारे दिली आणि रावणाला वंशज दिले.

प्रतिपक्षाचे चित्र कोण रेखाटतो, यावर त्या चित्रातला चेहरा अवलंबून असतो. १५२१ मध्ये लूथरच्या पक्षाने लुकास क्रानाखच्या काष्ठचित्रांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत डाव्या पानावर ख्रिस्त शिष्यांचे पाय धूत आहे, तर उजव्या पानावर पोप आपल्या पायाचे चुंबन घेववीत आहे. डावीकडे काट्यांचा मुगुट, उजवीकडे तिहेरी राजमुगुट. अशा तेरा जोड्या. पोप हाच ख्रिस्तविरोधक, हे अक्षरशत्रू शेतकऱ्यालाही पाहताक्षणी कळावे अशी ती योजना होती. आपल्याकडे १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त अवतारकथा उलटी वाचली: बळी हा प्रजेचा न्यायी राजा आणि वामन हा याचकाच्या वेषात आलेला कपटी. त्याच ग्रंथात येशू ख्रिस्तालाही त्यांनी बळीराजाच्याच मालिकेत बसविले आहे. म्हणजे तारणहार आणि त्याचा तोतया ही जोडी मराठी वैचारिक वाङ्मयात दीडशे वर्षांपूर्वी आली, आणि ती भिक्षेच्या हाताला धरून आली. गोव्यात तर एकाच शब्दाची दोन तोंडे झाली आहेत: हिंदू शेतकऱ्याच्या लेखी ‘देवचार’ हा गावाच्या सीमा राखणारा राखणदार; ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी तोच शब्द सैतानासाठी घेतला आणि ख्रिस्ती कोकणीत तो तसाच रूढ झाला.

आधुनिक कथावाङ्मयात या पात्राचे सर्वश्रेष्ठ चित्र, माझ्या मते, रशियन तत्त्वज्ञ व्लादिमिर सोलोव्यॉव्ह याने १९०० साली, मृत्यूच्या वर्षीच, लिहिलेल्या एका छोट्या कथेत आहे. त्याचा नायक तेहतीस वर्षांचा, बुद्धिमान, संयमी, शाकाहारी, प्राण्यांवर दया करणारा आहे. त्याने विश्वशांतीवर लिहिलेले पुस्तक सर्व पक्षांना मान्य होते. तो जगाचा सम्राट होतो, युद्धे थांबवितो, सर्वांना पोटभर अन्न देतो. मग तो जेरुसलेमला ख्रिस्ती जनांची परिषद भरवितो आणि प्रत्येक पंथाला विचारतो, तुम्हाला सर्वांत प्रिय काय? कोणाला धर्मपीठाचा अधिकार प्रिय, तो देतो. कोणाला प्राचीन परंपरा व मूर्ती प्रिय. त्यांच्यासाठी तो संग्रहालय काढतो. कोणाला ग्रंथांचे संशोधन प्रिय. त्यांना संस्था मिळते. बहुतेक सारे उठून त्याच्या बाजूला जातात. मूठभर लोक मात्र जागचे हलत नाहीत, आणि त्यांच्यातला योहान नावाचा वृद्ध संन्यासी शांतपणे सांगतो की आम्हाला प्रिय आहे तो स्वतः ख्रिस्त. तेवढे त्याचे नाव तू आमच्यासमोर घे. आणि ज्याच्यापाशी प्रत्येक मागणीला उत्तर होते तो सम्राट गप्प होतो. त्याचा चेहरा काळवंडतो. वृद्ध ओरडतो, मुलांनो, हाच तो! पुढच्याच क्षणी आकाशातून वीज पडून वृद्ध मरतो. त्या मौनाएवढे भयंकर दृश्य मी दुसऱ्या कोणत्या भयकथेत वाचलेले नाही.

याच्या तुलनेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाने या पात्राला घरात आणले आणि लहान केले. आयरा लेव्हिनची ‘रोझमेरीज बेबी’ ही कादंबरी १९६७ ची व तीवरील चित्रपट पुढच्या वर्षीचा. त्यात पाळण्यातील बाळ प्रेक्षकांना नीट दाखविलेलेच नाही, दाखविला आहे तो आईचा चेहरा, आणि ती निवड मला थोर वाटते. १९७६ च्या ‘द ओमेन’मध्ये अमेरिकन राजदूत आपल्या मृत अर्भकाच्या जागी दुसरे मूल स्वीकारतो आणि ते डेमियन नावाचे मूल तो विरोधक निघते, पित्याची खात्री पटते ती मुलाच्या केसांखाली उमटलेला ६६६ हा आकडा दिसल्यावर. चित्रपट बांधेसूद आहे, ग्रेगरी पेकचा अभिनय अविस्मरणीय आहे, जेरी गोल्डस्मिथच्या संगीताला ऑस्कर मिळाले ते योग्यच मिळाले. १९९५ पासून निघालेल्या ‘लेफ्ट बिहाइंड’ या सोळा कादंबऱ्यांच्या मालेत तो निकोलाय कार्पाथिया या नावाने संयुक्त राष्ट्रसंघाचा सरचिटणीस होतो. तेथे तर वाचकाला प्रारंभापासूनच ठाऊक असते की हाच तो. म्हणजे ओळखण्याचे दुःख आणि श्रम दोन्ही वाचकाला माफ केलेले असतात.

‘ओमेन’विषयी माझी तक्रार निराळी आहे, आणि ती केवळ कलेची नाही. वाईटाची खूण शरीरावर असते, ती केस बाजूला सारून पाहता येते, आणि एकदा दिसली की पित्याने मुलावर सुरा उगारणे कर्तव्य ठरते, ही कल्पना पडद्यावर दोन तास थरार देते. पडद्याबाहेर तिचा इतिहास रक्ताचा आहे. अद्सोने आपल्या चरित्रात तो पुरुष ज्यूंच्या दान वंशात जन्मेल असे लिहिले. ख्रिस्तविरोधकाला ज्यू ठरविणारी ही समजूत मध्ययुगीन युरोपात ज्यूंविषयीच्या द्वेषाला सतत खतपाणी घालीत राहिली. इस्लामी परंपरेतील दज्जाल एकाक्ष आहे व त्याच्या कपाळी त्याची ओळख लिहिलेली आहे असे सांगतात. आपल्याकडेही उलट्या पावलांची हडळ आणि चेटकिणीचे डोळे सांगितले जातात. आलापल्लीहून एटापल्ली फार दूर नाही. त्या तालुक्यातील बारसेवाडा या गावी मे २०२४ च्या प्रारंभी जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीला आणि एका पुरुषाला जिवंत जाळण्यात आले. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, आणि तो होण्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले व त्याच वर्षी प्राण दिले. बारसेवाड्याच्या प्रकरणात पंधराजणांना अटकही झाली. पण ज्यांनी ती आग पेटविली त्यांनाही आपण वाईटाची खूण ओळखली आहे असेच वाटत असणार, हा विचार मला त्या घटनेइतकाच अस्वस्थ करतो.

दिवाळीनंतर धान घरात आले की झाडीपट्टीत मंडया भरतात, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, आणि रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांत खलनायक पहिल्या प्रवेशातच आवाजावरून ओळखू येतो. प्रेक्षकांना तो तसाच हवा असतो, आणि एका रात्रीच्या करमणुकीपुरते त्यात गैर काहीच नाही. मला मात्र अशी एक मराठी कादंबरी वाचावयाची आहे जी आलापल्लीच्या चौकात सुरू होईल. जेथून एक रस्ता अहेरीला, एक सिरोंच्याला, एक भामरागडला आणि एक आष्टीकडे फुटतो. या चौकातून तारणहार म्हणविणारे पुष्कळ गेले, काही बंदुका घेऊन, काही ठेके घेऊन. तिच्यात येणारा पुरुष मात्र माडिया बोलणारा असावा, त्याने सर्वांचे वनहक्काचे दावे निकाली काढून द्यावेत, पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटांवर पूल बांधून द्यावेत, दवाखान्यात डॉक्टर आणावा, आणि यांतले एकही काम खोटे नसावे. साऱ्या गावाने त्याच्या कागदावर अंगठे उमटवावेत. मग शेवटच्या ओळीत बसलेल्या एखाद्या म्हातारीने, कागद गुडघ्यावर तसाच ठेवून, त्याला एकच गोष्ट विचारावी, आणि आगारातल्या हातोडीचे ठोके स्पष्ट ऐकू यावेत इतका वेळ त्याने काही बोलू नये.